वही आधी परत करा

(ऐरोलीहून एका वडिलांनी लिहिले आहे. त्यांची मुलगी ठाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि अभ्यास सोडून कॅमेऱ्यात गुंतली आहे, अशी त्यांची तक्रार आहे. सीईटीत ९५ पर्सेंटाइल मिळाले तर दोन लाखांचा फुल-फ्रेम कॅमेरा (ज्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, मोठा असतो) हप्त्यांवर घेऊन देईन, नाही मिळाले तर मामाने दिलेला जुना कॅमेरा विकून टाकीन, असे त्यांनी तिला सांगितले आहे. ‘तिला फोटोग्राफीत जायचे आहे असे दिसते, त्यात भवितव्य आहे का, आणि कॅमेरा कोणता घ्यावा?’ असे ते विचारतात. मुलगी वेळ कसा वाया घालवते हे दाखवण्यासाठी तिच्या वहीच्या दोन पानांची छायाचित्रेही त्यांनी सोबत पाठवली आहेत.)

स. न. वि. वि.

आपले पत्र मी दोनदा वाचले. वहीच्या त्या दोन पानांना मात्र एक संध्याकाळ दिली. कॅमेऱ्याविषयी पुढे लिहितोच, पण पत्र वाचताना मनाला जे लागले ते आधी सांगतो.

पर्सेंटाइलचा उल्लेख आपल्या पत्रात सात ठिकाणी आहे. मुलगी फोटो कशाचे काढते, हे एकदाही आलेले नाही. ते मला वहीवरून कळले. ही वही आपण तिच्या दप्तरातून, तिला न विचारता काढलीत, असेही आपणच लिहिले आहे. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःपुरते लिहिलेले काही आपण उचलून एका परक्या माणसाकडे तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून पाठवले आहे, हे तिला कळले तर ती यापुढे घरात कोणतीही गोष्ट मोकळेपणाने मांडणार नाही. म्हणून पहिली विनंती अशी, की वही तिच्या हातात परत द्या, ती घेतली होती हे तिला स्वतःहून सांगा आणि तिची क्षमा मागा. वडिलांनी मुलीची क्षमा मागण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अटीची. जी वस्तू हातात धरून ती शिकते आहे, तीच आपण पणाला लावली आहे. तिला ९४ मिळाले तर तिचा कॅमेरा जाईल. ९५ मिळाले तर दोन लाखांचे ओझे तिच्या खांद्यावर येईल, आणि वडील दरमहा हप्ता भरत असताना ‘मला अभियांत्रिकीला जायचे नाही’ असे म्हणण्याचे धैर्य तिला होणार नाही. म्हणजे निकाल काहीही लागला तरी तिचे म्हणणे ऐकण्याची वेळ आपल्यावर येत नाही. हेतू असा नसेल, परंतु अटीचा अर्थ हाच निघतो. ठाण्याच्या माझ्या कार्यालयात सल्ल्यासाठी येणारी कित्येक मुले ‘तुला काय आवडते?’ असे विचारल्यावर उत्तर देण्याआधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहतात, आणि अशा वेळी मी पालकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो. आपल्या पत्रातही मुलीचे स्वतःचे असे एक वाक्य नाही. ‘असे दिसते’ एवढेच आहे.

आता वही. पहिल्या पानावर तिने लेन्सची दोन चित्रे काढली आहेत. मामाच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची साधी झूम लेन्स तिने समोरून पाहिली, आतले छिद्र पट्टीने मोजले आणि लिहिले : ‘१८ वर छिद्र साधारण ५ मिमी, ५५ वर साधारण ९ मिमी. छिद्र मोठे झाले, तरी एफचा आकडा ३.५ वरून ५.६ झाला. असे का?’ खाली तिनेच भागाकार मांडला आहे. लेन्सचे नाभीय अंतर (लेन्सवरचा १८ किंवा ५५ मिलिमीटरचा आकडा) भागिले छिद्राचा व्यास म्हणजे एफचा आकडा. १८ भागिले ३.५ म्हणजे सुमारे ५.१, आणि ५५ भागिले ५.६ म्हणजे सुमारे ९.८. छिद्र जवळजवळ दुप्पट झाले, पण नाभीय अंतर तिपटीहून अधिक वाढले, म्हणून एफचा आकडा वाढला आणि सेन्सरवर पडणारा प्रकाश कमी झाला. हे कोणी शिकवलेले नसताना तिने पट्टी आणि भागाकार यांच्या जोरावर शोधून काढले आहे. वर्षानुवर्षे छायाचित्रे काढणाऱ्या अनेकांना एफचा आकडा फिरवता येतो, परंतु तो गुणोत्तर आहे हे ठाऊक नसते. ज्याला आपण वेळ वाया घालवणे म्हणता, तो अकरावीत शिकलेल्या प्रकाशाच्या धड्याचा प्रत्यक्ष प्रयोग आहे.

दुसऱ्या पानावर ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो आहेत, आणि आपल्या पत्रातला मोठा गैरसमज तेच पान दूर करते. पक्षी फार लहान आले अशी तिची कुरकूर ऐकून आपण फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा विचार केलात, कारण मोठा कॅमेरा लांबचे जवळ आणतो असे आपल्याला वाटते. तो तसे करत नाही. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार लेन्सचे नाभीय अंतर आणि पक्ष्याचे अंतर या दोहोंवरून ठरतो. मागे कोणता कॅमेरा आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो. आपल्या मुलीने हिशेब केला आहे : ९० सेंटिमीटर उंचीचा पक्षी १०० मीटरवर उभा असेल, तर ५५ मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सुमारे अर्धा मिलिमीटर उंच पडते. तिच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आणि २४ मेगापिक्सेलचा आहे. त्याच्या उंचीत ४००० पिक्सेल असतात, त्यातले जेमतेम १२८ पक्ष्याच्या वाट्याला येतात. आपण निवडलेला कॅमेराही २४ मेगापिक्सेलचाच आहे, पण तेवढेच पिक्सेल तिथे ३६ × २४ मिलिमीटरवर पसरलेले आहेत. तोच अर्धा मिलिमीटरचा पक्षी तिथे अवघ्या ८३ पिक्सेलमध्ये बसेल. दोन लाख खर्चून पक्षी आणखी लहान होईल. शिवाय तिची १८-५५ ची लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली असल्याने फुल-फ्रेमची चौकट ती पूर्ण भरू शकत नाही, म्हणजे लेन्सही नव्याने आणि अधिक किमतीच्या घ्याव्या लागतील.

मोठ्या सेन्सरचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून थोडे जास्त असते, म्हणून तितक्याच एफला आणि शटर तितकाच वेळ उघडे ठेवून तो एकूण प्रकाश दुपटीहून अधिक गोळा करतो. गडकरी रंगायतनात रंगमंचावरचा प्रयोग टिपायचा असेल किंवा मंद उजेडातले लग्नाचे सभागृह असेल, तर हा फरक चित्रात दिसतो. भर उन्हात चिखलावर उभ्या असलेल्या फ्लेमिंगोंना त्याची गरज नाही. तिला काही द्यायचेच असेल, तर आहे त्याच कॅमेऱ्यावर बसणारी ७०-३०० मिलिमीटरची जुनी लेन्स द्या. तोच पक्षी ३०० मिलिमीटरवर सुमारे ७०० पिक्सेल उंच येईल. आधी दोन दिवस भाड्याने आणून पाहिली तर अधिक चांगले. जुनी लेन्स विकत घेताना मात्र एका बाजूने विजेरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने आत पाहावे, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती घेऊ नये. ती बुरशी असते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती काचेवर फार लवकर धरते. म्हणून जूनपासून लेन्स कपाटात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आणि ही भेट निकालाच्या आधीच, कोणतीही अट न घालता द्यावी.

राहिला भवितव्याचा प्रश्न. ‘लग्नाचे फोटो काढत फिरणार का?’ असे आपण लिहिले आहे. ते काम प्रामाणिक आहे आणि कष्टाचे आहे. स्वतःचा धंदा सांभाळत दिवसाचे बारा तास उभे राहण्याची त्यात तयारी लागते, तेव्हा त्याचा उल्लेख या सुरात करू नये. तरीही या दोन पानांवरून मला छायाचित्रकार होऊ पाहणारी मुलगी दिसत नाही. तिने चौकटीविषयी, उजेडाच्या रंगाविषयी किंवा पक्ष्यांच्या मांडणीविषयी एक शब्द लिहिलेला नाही. सारे प्रश्न काचेचे, छिद्राचे आणि किरणांचे आहेत. तिला बहुधा कॅमेऱ्याने काय टिपले जाते यापेक्षा कॅमेरा ते कसे टिपतो याची ओढ आहे, आणि त्या ओढीचे शास्त्र प्रकाशशास्त्र आहे. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, उपग्रहांवरील कॅमेरे, डोळे तपासण्याची यंत्रे यांच्या लेन्स कोणीतरी आकडेमोड करून आखतात. देहरादूनला संरक्षण संशोधन संस्थेची प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा आहे आणि बंगळूरला इस्रोचीही आहे. मार्ग सरळ आहेत : भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे जॅम ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., आयसर या विज्ञानशिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा, किंवा कलकत्ता विद्यापीठातील प्रकाशशास्त्राचे बी.टेक. सीईटी अवश्य द्यावी, पण ती अनेक दारांपैकी एक आहे. तिला खरोखरच कॅमेऱ्यामागे उभे राहायचे असेल, तर पुण्याच्या चित्रपट संस्थेतील चित्रपट-छायाचित्रणाचा मुख्य अभ्यासक्रमही पदवीनंतरच असतो. म्हणजे भौतिकशास्त्राची तीन-चार वर्षे त्याही वाटेवर फुकट जाणार नाहीत.

माझा हा अंदाज दोन पानांवरून बांधलेला आहे, तो तिच्यावर लादू नये. पुढचे पत्र तिने लिहावे, आणि आपण ते न वाचता पाठवावे.

तिच्या पानाच्या तळाशी एक प्रश्न अनुत्तरित आहे. ‘समोरून पाहिले तर छिद्र एका आकाराचे दिसते, लेन्स काढून मागून पाहिले तर वेगळ्या आकाराचे. खरे कोणते?’ तिला सांगा, की पुढच्या आणि मागच्या काचा वेगवेगळ्या असल्याने त्या एकाच छिद्राची वेगवेगळी प्रतिमा दाखवतात, आणि एफच्या भागाकारात समोरून दिसणारा व्यास घ्यायचा असतो. तिला ९.८ ऐवजी ९ मिळाले, कारण ही प्रतिमा लेन्सच्या आत खोलवर असते आणि पट्टी डोळ्याच्या अधिक जवळ होती. लेन्स टेबलावर ठेवून, पट्टी तिच्या कडेला टेकवून, दोन-तीन मीटर मागे सरकून फोटो काढावा आणि तो मोठा करून मोजावे. आकडा दहाच्या जवळ येईल.