10सी भरू नका, काका

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या काकांनी विचारलंय, की 9 वर्षं 8 महिने नोकरी करून गेल्या महिन्यात सोडली, दोन महिन्यांनी वयाची 58 पूर्ण होतील, पण पासबुकात शेवटच्या 7 महिन्यांचा पीएफ जमाच दिसत नाही, आणि एजंट म्हणतो दहा वर्षं भरत नाहीत, पेन्शनचे पैसे एकरकमी काढायचा फॉर्म, म्हणजे 10सी, भरा आणि मोकळे व्हा. अशी पत्रं इंदूर-पीथमपूरकडून सारखी येतात, फक्त आकडे बदलतात.

काका, 10सी भरू नका. बाकीचं नंतर.

पेन्शनला दहा वर्षं लागतात हे चहावाल्यालाही माहिती आहे, पण पीएफच्या 1995 च्या त्याच पेन्शन योजनेत असंही आहे की वरचे सहा महिने किंवा जास्त असले तर ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे तुमचे 9 वर्षं 8 महिने म्हणजे 10 च. ते 7 महिने वगळले की राहतात 9 वर्षं 1 महिना, आणि खेळ खलास. एजंट पासबुक बघून बोलतोय. पण योजनेत पेन्शनपात्र सर्विस म्हणजे जिचं काँट्रिब्यूशन आलेलं आहे *किंवा येणं आहे* ती. मालकाने भरलं नाही म्हणून ते येणं संपत नाही!

तुम्ही पाठवलेल्या स्लिपांच्या फोटोत (एकीवर हळदीचा डाग आहे, चालेल, आकडे दिसतात) सातही महिने 1,680 रुपये कापलेत. हाच तुमचा पुरावा, ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नका. आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख बघा. शेवटचं चलान भरलं त्याच महिन्याची टाकून मोकळं व्हायची काही मालकांची सवय असते, तसं असेल तर आधी ते दुरुस्त करायला लेखी द्या.

शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी 14,000 धरली तर पेन्शनचं सूत्र असं: पगार 14,000 गुणिले सर्विस 10 भागिले 70, म्हणजे महिना 2,000. फार नाही, माहिती आहे, एवढ्यात इंदुरात खोलीचं भाडंही निघत नाही, पण तुमच्यानंतर काकूंनाही यातलं निम्मं मिळत राहील. 10सी चे दीड लाखाच्या आतबाहेर एकदाच येतील आणि घरात कुणाच्या तरी लग्नात जातील.

तसे ते एकदा गेलेच आहेत ना? पहिल्या कंपनीतली 6 वर्षं तुम्ही बहिणीच्या लग्नासाठी 10सी भरून काढलीत, तेव्हा पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे जुनी सर्विस पुढे जोडून घेण्याचा कागद, घेतलं असतं तर आज सर्विस 15 च्या वर असती. ती आता जोडून मिळेल असं मला वाटत नाही. आणि सात महिने पासबुक रिकामं दिसत असताना गप्प का बसलात, पहिल्याच महिन्यात तक्रार हवी होती.

आता पीएफ ऑफिसात स्लिपांच्या कॉप्या जोडून लेखी तक्रार द्या, पावती घ्या, आणि 58 झाल्यावर 10डी, म्हणजे महिन्याची पेन्शन मागायचा फॉर्म, भरा. काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी मागा, कारण तोंडी नाहीवर कुठेच जाता येत नाही. मालकाकडून वसुलीची चौकशी मात्र कधी संपेल ते मी सांगणार नाही, तारखांवर तारखा पडलेल्या मी पाहिल्यात. हायकोर्टात जायचं आत्ता काढू नका.

आणि एजंटने ओटीपी मागितला तर देऊ नका. आधीच दिला असेल तर आज रात्रीच पोर्टलवर क्लेमचं स्टेटस बघा.