अर्थशास्त्र घ्यावं की बीबीए? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी बारावी कॉमर्सला आहे. इकॉनॉमिक्समध्ये नेहमी चांगले मार्क पडतात, म्हणून सर म्हणतात बीए इकॉनॉमिक्स कर. घरचे म्हणतात बीबीए कर, नोकरी तरी लागेल. अकरावीत मी गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं. काय करू?
— एक विद्यार्थिनी, निफाड

उत्तर : बारावीच्या इकॉनॉमिक्समधल्या मार्कांवर हा निर्णय घेऊ नकोस. तिथे मागणी, लवचिकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न असं सगळं येतं खरं, पण येतं ते व्याख्या, फरक आणि आकृत्यांच्या रूपात. पाठांतर पक्कं असलं की मार्क पडतात. पदवीला, निदान चांगल्या कॉलेजात, तोच मागणीचा वक्र समीकरण होऊन समोर येतो आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही.

निफाडची आहेस, तर कांद्यावरच बोलू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. अर्थशास्त्र विचारतं, हा बोजा शेवटी कोणावर पडला? परदेशी गिऱ्हाइकावर, निर्यातदारावर की शेतकऱ्यावर? परदेशी गिऱ्हाइकाला दुसऱ्या देशाचा कांदा सहज मिळत असेल, तर तो वाढीव भाव देणार नाही आणि बोजा मागे सरकत लासलगावच्या लिलावात येऊन पडेल. हे नुसतं म्हणून भागत नाही. बाजार समितीचे रोजचे भाव, आवक आणि मागच्या वर्षांतले त्याच महिन्यांतले आकडे घेऊन, पावसाचा परिणाम वेगळा काढून ते दाखवावं लागतं.

बीबीए, म्हणजे बिझनेसची पदवी, त्याच दिवशी दुसरे प्रश्न विचारते. सौदा जुन्या भावाने झालाय आणि कंटेनर बंदरात उभा आहे, तर शुल्क कोणी भरायचं हे करारात लिहिलंय का? माल थांबवला तर घट किती येईल? कांद्याचे पैसे शेतकऱ्याला आज द्यायचे आहेत आणि परदेशातून ते दोन महिन्यांनी येणार, मग मधल्या काळातला पैसा कुठून उभा करायचा?

या दोनपैकी कोणत्या प्रश्नांवर तू तासभर बसशील? नोकरीचा विचार त्यानंतर.

आता एक गणित कागदावर सोडव. एका वस्तूची किंमत १०० वजा नगांची दुप्पट अशी ठरते, म्हणजे १० नग विकायचे तर किंमत ८० ठेवावी लागते. प्रत्येक नगाला २० रुपये खर्च येतो आणि वरखर्च एकूण ५० रुपये. जास्तीत जास्त नफा किती नगांना? कॅल्क्युलस येत असेल तर दोन ओळींत उत्तर येतं : २० नग, किंमत ६०, नफा ७५०. येत नसेल तर तक्ता मांडून काढ. आज जमलं नाही तरी बिघडत नाही. पण तीन वर्षं अशी गणितं करायची ही कल्पनाच नकोशी वाटत असेल, तर बीए इकॉनॉमिक्स घेऊन तू फक्त पदवी मिळवशील, विषय नाही.

राहिला एसपीचा मुद्दा. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत बीए इकॉनॉमिक्सला बारावीचं गणित लागत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या ऑनर्सला मात्र लागतं, तो दरवाजा तुझ्यासाठी बंद आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या बीएस्सीचा किंवा पुढे गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या एमएस्सीचा विचार असेल, तर पात्रतेतली गणिताची अट आधी शब्दन् शब्द वाच.

भरपाई करता येते. बालभारतीच्या संकेतस्थळावर बारावी वाणिज्य शाखेच्या गणिताचे दोन्ही भाग फुकट मिळतात. पहिल्या भागातून मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, त्याचे उपयोग आणि इंटिग्रेशन, दुसऱ्यातून लिनियर रिग्रेशन आणि प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, एवढंच घे. कमिशन, विमा, असाइनमेंट प्रॉब्लेम आत्ता सोडून दे. परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत रोज दोन तास पुरतात. यात अडखळायला होतं ते बहुधा अकरावीची फंक्शन्स आणि लिमिट्स कच्ची असल्यामुळे, म्हणून पहिला आठवडा त्यांना दे. पहिला महिना बरा गेला तर इकॉनॉमिक्स घे. पुस्तक उघडायचाच कंटाळा आला तर घरचे म्हणतात ते ऐक. त्यात कमीपणा काही नाही.


प्रश्न : मुलगा शेवटी एमबीएच करणार आहे. मग आधी बीबीए केलेलं बरं नाही का? इकॉनॉमिक्समध्ये तीन वर्षं कशाला घालवायची?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : एमबीएला कोणतीही पदवी चालते. राज्याच्या एमबीए सीईटीसाठी पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात. बीबीए केल्याने तिथे वेगळी सवलत मिळत नाही. उलट एमबीएच्या पहिल्या वर्षाचं मार्केटिंग, अकाउंट्स, ऑर्गनायझेशनल बिहेविअर हे बरंचसं बीबीएतलंच असतं. ज्याला एमबीए नक्की करायचंच आहे, त्याने तेच दोनदा शिकण्यापेक्षा पदवीला दुसरं काही शिकावं, असं आमचं मत आहे.

पण एक गोष्ट तपासा. आयआयएमच्या मुलाखतीला बोलावताना कॅट या प्रवेश परीक्षेसोबत दहावी, बारावी आणि पदवीचे मार्कही बघतात. काही ठिकाणी इंजिनिअर नसलेल्यांना थोडे जादा गुण मिळतात, पण पदवीला ५५ टक्के असतील तर त्या जादा गुणांनी काही होत नाही. मुलगा इकॉनॉमिक्समध्ये रडतखडत पास होणार असेल, तर त्याला बीबीएत ७५ मिळवू द्या.

खरा प्रश्न तुम्ही विचारला नाही : एमबीए झालंच नाही तर? तीन वर्षांनी तिथेच थांबावं लागलं, तर बीबीएवाल्याला बँकेचा सेल्स विभाग, विमा, रिटेल, लॉजिस्टिक्स, भरती करणाऱ्या कंपन्या अशा ठिकाणी शिरकाव होतो. पगार फार नसतो, पण काम मिळतं. नुसत्या बीए इकॉनॉमिक्सला, सोबत एक्सेल, संख्याशास्त्र आणि थोडं आर किंवा पायथनचं प्रोग्रॅमिंग नसेल, तर बाजारात सर्वसाधारण बीए म्हणूनच मोजतात. ती पदवी एमए किंवा एमएस्सीपर्यंत नेली तरच तिचा पुरता मोबदला मिळतो. म्हणून घरचं गणित पाच वर्षांचं मांडा. आणि तीन वर्षांत घरात पगार यायलाच हवा अशी परिस्थिती असेल, तर या दोन्हींपेक्षा बीकॉम करत करत सीए फाउंडेशन द्यावी किंवा जीएसटी आणि टॅली नीट शिकावं. फाउंडेशनचा चौथा पेपर बिझनेस इकॉनॉमिक्सचाच आहे, म्हणजे विषय अगदीच सुटत नाही.


प्रश्न : कॉलेजात बीएमएस होतं, आता ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ आहे म्हणतात. दुसरीकडे बीबीएला सीईटी लागते म्हणतात. फरक काय?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले. त्यामुळे राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा सुरू केली आणि प्रवेश कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांतून होऊ लागले. काही कॉलेजांनी यातून बाहेर राहायला अभ्यासक्रमाचं नाव बदललं. नाव बदललेल्या अभ्यासक्रमाला कॉलेज आपल्या गुणवत्ता यादीने प्रवेश देतं. म्हणून पाटीवरचं नाव सोड आणि सहा सेमिस्टरच्या पेपरांची यादी माग. जुन्या बीएमएसचेच पेपर असतील तर शिकण्यात फार फरक पडणार नाही. (नावाचा घोळ उलटाही असतो. गोवा विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग गोवा बिझनेस स्कूलमध्ये आहे, पण शिकवतात अर्थशास्त्रच.)

सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं : इंग्रजी ४०, रीझनिंग ३०, सामान्य ज्ञान १५, कॉम्प्युटर १५. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. गणिताचा वेगळा विभाग नसल्यामुळे निकाल इंग्रजीच ठरवते. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बारावीच्या निकालाची वाट बघत बसणं, कारण अर्जाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. २०२४ मध्ये जादा सीईटी झाली होती, पण दरवर्षी होईलच या भरवशावर राहू नकोस.

फीचं बघ. बीए बहुतेकदा अनुदानित तुकडीत होतं, बीएमएस किंवा बीबीए जवळपास सगळीकडे विनाअनुदानित. एकाच इमारतीत दोन्हींच्या फीमध्ये अनेक पटींचा फरक असतो. शिष्यवृत्ती किंवा फीमाफीवर विसंबून प्रवेश घेणार असशील, तर ते कॉलेज आणि तो अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत आहे का हे प्रवेशाआधी बघ. फीमाफी अनेकदा कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच असते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती जाते.

प्लेसमेंटचा तक्ता दाखवतील तेव्हा तीन गोष्टी विचार : किती मुलं बसली होती, मधला पगार किती (सर्वांत मोठा नव्हे) आणि काम कोणतं. ‘१०० टक्के प्लेसमेंट’मध्ये पुष्कळदा फक्त ‘पात्र’ ठरवलेल्या मुलांची गणती असते.


प्रश्न : बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅक्रोइकॉनॉमिक्सचा एक पेपर होता, तो इतका आवडला की आता एमएस्सी इकॉनॉमिक्स करावंसं वाटतं. उशीर झाला का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही, पण वेळ मोजकाच आहे. काही आयआयटींमधलं एमएस्सी इकॉनॉमिक्स जॅम परीक्षेतून मिळतं, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयू सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून, तर गोखले इन्स्टिट्यूट आणि इंदिरा गांधी संस्थेची स्वतःची प्रक्रिया आहे. प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे. बीबीए चालतं का आणि गणिताचा पेपर कुठल्या पातळीचा हवा, हे वहीत संस्थेगणिक लिहून ठेव.

अभ्यासाला जॅमच्या इकॉनॉमिक्स पेपरची चौकट धर : मायक्रो, मॅक्रो, संख्याशास्त्र, गणित आणि भारतीय अर्थव्यवस्था. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. बीबीएची मुलं पडतात ती एकाच कारणाने. भारतीय अर्थव्यवस्था वर्तमानपत्रासारखी वाचता येते, म्हणून सगळा वेळ तिथे जातो आणि गणित-संख्याशास्त्र शेवटच्या दोन महिन्यांवर येतं. तू उलट कर. पहिले सहा महिने गणित आणि संख्याशास्त्र, त्याच्यासोबत मायक्रो. भारतीय अर्थव्यवस्था शेवटी. मायनर (दुय्यम) विषय निवडायचा अजून बाकी असेल तर इकॉनॉमिक्स किंवा संख्याशास्त्र घे.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष केलंस, तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची होऊ शकते. पण बीबीएच्या चौथ्या वर्षावर इकॉनॉमिक्सचं एका वर्षाचं एमएस्सी मिळेल असं गृहीत धरू नकोस. तिथे मेजर (मुख्य) विषय बघतात. तुझ्यासाठी तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांचं एमएस्सी हा सरळ रस्ता आहे.

आणखी एक. भारतीय आर्थिक सेवेच्या यूपीएससी परीक्षेला इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनॉमेट्रिक्समधली (अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणं) पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागातल्या ग्रेड बी अधिकाऱ्यालाही इकॉनॉमिक्स किंवा फायनान्समधली पदव्युत्तर पदवी लागते. जनरल ग्रेड बी मात्र बीबीएवर देता येते. या जागा डोळ्यांसमोर असतील, तर साधं एमबीए करून तिथे पोहोचता येत नाही.


प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमातून, आर्ट्स शाखेतून झालं. इकॉनॉमिक्स जमेल का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : जमेल. मराठीतून बीए अर्थशास्त्र करता येतं आणि शिकवणारे चांगले असतील तर संकल्पना मराठीत जास्त पक्क्या होतात. अडचण एमएच्या प्रवेश परीक्षांना येते, त्या बहुतेक इंग्रजीत असतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येक संकल्पनेचं इंग्रजी नाव आणि इंग्रजी व्याख्या वहीच्या उजव्या पानावर लिहीत जा : सीमांत खर्च म्हणजे मार्जिनल कॉस्ट, राजकोषीय तूट म्हणजे फिस्कल डेफिसिट. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात विचार की गणितीय पद्धती, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांचे सहा सेमिस्टरमध्ये मिळून किती पेपर आहेत. तीन किंवा जास्त असतील तर उत्तम. एकच असेल तर बाकीचं तुला स्वतः करावं लागेल, त्याची तयारी ठेव.


प्रश्न : यूपीएससी-एमपीएससीसाठी कोणती पदवी चांगली?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पात्रतेला दोन्ही सारख्याच. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत इकॉनॉमिक्सही आहे आणि मॅनेजमेंटही. इकॉनॉमिक्सचा फायदा असा की सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरातला अर्थव्यवस्थेचा भाग आपोआप तयार होतो. तोटा असा की वैकल्पिक पेपरात आकृती किंवा समीकरण चुकलं की गुण जातात, आणि बीएच्या नोट्सवर तो पेपर निघत नाही. त्यासाठी एमएच्या पातळीचं वाचन लागतं.