पहिल्या वेताआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मांजरीला चाळिसावा दिवस लागला, पोट दिसायला लागलं, ती आता उडी मारण्याआधी विचार करते, हे सगळं तू भरभरून लिहिलंस. खोक्यात काय अंथरू, पिल्लांना हात कधी लावू, कोणी मागायला आलं तर कधी देऊ, हेही विचारलंस. त्याकडे येतेच. पण एक प्रश्न तू विचारला नाहीस. मी तुझ्या वयाची असताना तो एकदा विचारला होता, "गरज नाही" असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. म्हणून आधी तेच सांगते. मांजरीचा रक्तगट तपासून घे, आणि बोक्याचाही. पत्र बाजूला ठेवून आत्ता डॉक्टरांना फोन केलास तरी चालेल.

माझी पहिली ब्रिटिश शॉर्टहेअर, तुझ्या मांजरीच्याच जातीची, एका रात्रीत पाच पिल्लं व्याली. एकही अडलं नाही. सगळी शंभर ग्रॅमच्या आसपास, सगळी आचळाला घट्ट चिकटलेली. मी रात्रभर खोक्यापाशी बसून होते आणि मला वाटत होतं, आपलं काम झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांत मोठं, सगळ्यांत हावरं पिल्लू आचळ सोडून बाजूला पडलं. ओल्या कापसाने त्याला पुसलं तर कापसावर लघवी उतरली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. तो कापूस मी दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत होते. पहाटे ते गेलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन गेली. जी दोन वाचली त्यांतल्या एकाच्या शेपटीचं टोक काळं पडलं आणि काही दिवसांनी गळून गेलं.

मांजरांत ए, बी आणि एबी असे तीन रक्तगट असतात. बहुतेक मांजरं ए गटाची. सयामी तर जवळजवळ सगळी ए. पण ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, कॉर्निश रेक्स अशा काही जातींत बी गट बराच आढळतो. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए विरुद्धची प्रतिपिंडं आपोआप तयार होतात, आणि तीही जोरदार. ती तिच्या चिकात उतरतात. बोका ए गटाचा असला की काही किंवा सगळी पिल्लं ए गटाची होतात, आणि पहिल्या दिवशी त्यांचं आतडं चिकातली प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात घेतं. मग आईच्याच दुधाने पिल्लाच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. जे पिल्लू जोमाने पितं तेच आधी जातं. माणसांत आर-एचचा, म्हणजे आई-बाळाचं रक्त न जुळण्याचा, त्रास सहसा पहिल्या बाळाला होत नाही, पण इथे पहिल्याच वेताला होतो. म्हणून "पहिलं वेत होऊ दे, मग बघू" असं म्हणण्याला अर्थ नाही.

आणि हे टाळता येतं, बाळा. मांजर ए गटाची निघाली तर काळजीच मिटली. दोघंही बी असतील तरी मिटली. मांजर बी आणि बोका ए असेल तर पिल्लं जन्मल्या क्षणापासून पहिले २४ तास आईच्या आचळापासून लांब ठेवायची, उबेत ठेवून मांजराच्या पिल्लांसाठीचं तयार दूध पाजायचं आणि मग आईकडे सोडायची. तोवर त्यांच्या आतड्याचं दार बंद झालेलं असतं. चोवीस तास झोप नाही, एवढंच. त्याची तयारी बाळंतपणाच्या रात्री करता येत नाही, चाळिसाव्या दिवशी करता येते.

आता खोकं. मांजर तुझ्या खोक्यात व्यालीच तर आनंद मान. मांजर पिल्लं सात घरी फिरवते असं आपण म्हणतो, ते खरं आहे. जागा तिला पटली नाही की ती मानेला धरून एकेक पिल्लू कपाटात नेऊन ठेवते. त्यासाठी तिच्यावर रागावू नकोस आणि पिल्लं परत परत आणूही नकोस. दोन-तीन जागा आधीपासून तयार ठेव, अंधाऱ्या, वाऱ्याच्या झोतात नसलेल्या, घरातल्या वर्दळीपासून लांब. अंथरायला धुतलेलं, धागे न निघणारं कापड. लोकरीच्या सुट्या धाग्यात पिल्लाचा पाय अडकून रक्त थांबलेलं मी पाहिलंय.

दिवस ६३ ते ६७ धर. साठाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजून ठेवलास तर ३७.८ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की साधारण एका दिवसात ती मोकळी होते, असं बहुतेक वेळा दिसतं. सगळ्याच मांजरी हे दाखवत नाहीत, म्हणून फक्त त्यावर विसंबू नकोस. व्याताना तिला तुझी गरज बहुधा लागणार नाही. पण ब्रिटिशचं तोंड जरा आखूड, कधीकधी तिला पिशवी फाडणं किंवा नाळ तोडणं नीट जमत नाही. पिल्लू पिशवीत तसंच राहिलं तर तू फाड, नाक-तोंड पुसून काढ, कोरड्या फडक्याने पाठ खसाखसा चोळ. पिल्लाला झटके देऊन हवेत झुलवायचं नाही. पूर्वी लोक करायचे, त्याने डोक्याला इजा होते. नाळ तोडायची वेळ आलीच तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून पलीकडे काप. प्रत्येक पिल्लामागे वार पडली का ते मोज. मधे ती तास-दोन तास निवांत पडून पिल्लांना पाजत बसली तर घाबरू नकोस. पण अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू येत नसेल, किंवा लालभडक रक्त वाहत राहिलं, तर डॉक्टर. त्या रात्री कोणाचा दवाखाना उघडा असतो हे आधीच विचारून ठेव.

मग वजनकाटा. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू आजारी आहे हे डोळ्यांना फार उशिरा कळतं. ते रडत नाही, कण्हत नाही, इतरांच्या गराड्यात झोपलेलंच दिसतं. काट्याला मात्र आदल्या दिवशीच कळलेलं असतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घे, त्यावर वाडगा ठेव, वाडग्यात मऊ फडकं, काटा शून्यावर आण आणि मग पिल्लू. ते गोल गोल फिरेल, आकडा हलत राहील. तळहात वरून हलकेच धरलास की ते शांत होतं, हात उचललास की लगेच आकडा वाच. रोज एकाच वेळेला. करड्या रंगाची पाच पिल्लं एकसारखी दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या जागी, खांद्यावर, कमरेवर, शेपटीच्या मुळाशी, केसांचा छोटासा झुबका कातरून खूण कर आणि वहीत तीच खूण लिही.

जन्मतः ९० ते ११० ग्रॅम चांगलं. पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे, आणि दोन आठवड्यांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. पहिल्या दिवशी दोन-चार ग्रॅम कमी भरले तर एक दिवस थांब. दुसऱ्या दिवशीही वाढलं नाही तर थांबू नकोस. दूध वरून पाजायला लाग आणि डॉक्टरांना दाखव. "उद्या बघू" म्हणून मी गमावलेली पिल्लं माझ्या जुन्या वह्यांत अजून आहेत, आकडे एका ओळीत येत येत अचानक थांबलेले.

एक गोष्ट मनावर कोरून ठेव: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. नवजात पिल्लाला कुडकुडता येत नाही, स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागेला साधारण ३० अंश ऊब लागते. अंग गार झालं की आतड्याची हालचाल थांबते आणि पोटातलं दूध तसंच पडून राहतं. आपल्याला वाटतं अशक्त झालंय, पाजूया, आणि त्या पाजण्यानेच ते दगावतं. आधी तुझ्या अंगाशी, कपड्याच्या आत धर आणि हळूहळू, तासाभरात गरम कर. गरम पिशवी वापरलीस तर कापडात गुंडाळून, आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येईल. अंग ऊबदार झालं, ते तोंडाने शोधू लागलं की मग दूध. पाजताना पालथं, आईखाली पितं तसं. उताणं धरून कधीच नाही, दूध छातीत जातं. आणि गाईचं दूध नको. मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही कमी.

झोपेत पिल्लं दचकतात, पाय झाडतात. ते चांगलं लक्षण आहे. जे पिल्लू झोपेत अजिबात हलत नाही त्याला उचलून बघ.

आईकडेही लक्ष दे. दूध पाजताना तिची भूक दुप्पट-तिप्पट होते; तिला पिल्लांसाठीचं खाद्य दे, भांडं दिवसभर भरलेलं ठेव. आचळ कडक, गरम लागलं तर दाखव. आणि ती पिल्लांना सोडून अस्वस्थ फिरू लागली, अंग थरथरायला लागलं, पाय ताठ झाले तर तो कॅल्शियम उतरल्याचा प्रकार असू शकतो. तिथे तासांचाही उशीर चालत नाही. पाजत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून घरात बोका असेल तर खोली वेगळी.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. आपण उघडायचे नाहीत. त्या आधी पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. तिसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, आणि त्याच दिवशी आईलाही, कारण जंत तिच्या दुधातूनच येतात. वजन करूनच मात्रा. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं, उथळ ताटली, उथळ वाळूचं भांडं. वाळू गोळा होणारी नको. या वयात ती पिल्लं खाऊन बघतात. कुत्र्याचं पिसवांचं औषध घरात असेल तर ते बाहेर काढ. त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. तीच गोष्ट पॅरासिटामॉलची, आणि फुलदाणीतल्या लिलीची.

दुसरा ते सातवा आठवडा मला सगळ्यांत आवडतो. हात कधी लावू, असं तू विचारलंस, तर याच दिवसांत, भरपूर. या काळात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ज्यांच्या हातात जातं, ते सगळं त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. म्हणून त्यांना बंद खोलीत ठेवू नकोस. मिक्सरचा आवाज, दाराची घंटा, लहान मूल, दाढीवाला माणूस, पिंजऱ्यात बसून खाणं, नखं कापून घेणं, सगळं थोडं थोडं दाखव. येणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुवायचे, एवढा नियम पाळ. सातव्या आठवड्यापर्यंत खोक्यात लपून राहिलेलं देखणं पिल्लू मी एकदा दिलं होतं. नव्या घरात ते तीन महिने पलंगाखाली राहिलं. ती चूक माझी होती.

देण्याची घाई करू नकोस. आठव्या आठवड्यात पिल्लू इतकं गोड दिसतं की सगळे तेव्हाच मागतात. बारा-तेरा आठवडे आईजवळ राहू दे. किती जोरात चावलं तर समोरच्याला दुखतं, हे त्याला भावंडांनी आणि आईनेच शिकवायचं असतं. तोवर लशीही होतात: सहा ते आठ आठवड्यांनी पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. शेवटची घेणाऱ्याने द्यायची असते, ते त्याला लिहून दे.

आणि कागद खरे दे. पर्शियन आणि पर्शियन रक्त आलेल्या जातींत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असतो. त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून साधी चाचणी आहे. ब्रिटिशमध्येही तो आढळतो, तेव्हा तुझ्या मांजरीची चाचणी करून घे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकारासाठी मेन कून जातीत २००५ पासून आणि रॅगडॉल जातीत २००७ पासून जनुक माहीत आहे, पण ब्रिटिशला त्या चाचण्यांचा उपयोग नाही. तिथे हृदयाची सोनोग्राफीच, आणि तीही पुन्हा पुन्हा.

पुढच्या वेळी तुला कोणीतरी दुमडलेल्या कानांचा स्कॉटिश फोल्ड बोका सुचवेल. ब्रिटिशशी त्याचा मेळ घालतातच. तू नाही म्हण. कान दुमडणारं जनुक फक्त कानाला लागत नाही, सगळ्या कूर्चेला लागतं. सांधे जखडतात, शेपूट ताठ होते, चालताना दुखतं. एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. पिल्लं सुंदर होतील, विकली जातील, आणि दुखणं मात्र त्यांनी भोगायचं. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

प्रत्येक पिल्लाच्या कागदावर एक ओळ तुझ्या हाताने लिही: कधीही, कोणत्याही कारणाने सांभाळणं जमेनासं झालं तर ते माझ्याकडे परत आणा. आणि तेवढी जागा घरात खरोखर ठेव. माझ्याकडे नऊ वर्षांनी एक परत आली होती. ती आता माझ्या खुर्चीवर आहे.

रक्तगट कळले की लगेच कळव, दोघांचेही. आणि व्याल्यावर पहिले पंधरा दिवस रोज रात्री मला फक्त आकडे पाठव, खूण आणि वजन. फोटो नंतर.

तुझी,
काकू