मेंदू-स्नायू सिग्नल कपलिंगवर पुनर्वसनासाठी सध्या काय संशोधन चाललंय? पीएच.डी.ला हा विषय घेऊ का?

घ्या. फक्त आलेखात ५० हर्ट्झवर पीक (उंच टोक) दिसलं म्हणून पेढे वाटू नका.

एम.टेक.ला माझा हाच विषय होता. पॅरालिसिस झालेल्या पेशंटचा ईईजी (डोक्यावरून टिपलेला मेंदूचा विद्युत सिग्नल) आणि हाताचा ईएमजी (स्नायूचा विद्युत सिग्नल) एकाच वेळी घ्यायचा आणि दोघांमधला कोहेरन्स काढायचा, म्हणजे ते किती तालात आहेत याचा ० ते १ मधला आकडा. कपलिंग मोजायचं ते असं. माणूस हलका जोर लावून स्थिर धरून बसला की १५ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही सिग्नल तालात येतात, हे १९९५ पासून माहीत आहे. स्ट्रोकनंतर बाधित बाजूला तो ताल क्षीण होतो, हे मिमा, हॅलेट या संशोधक मंडळींनी २००१ मध्ये दाखवलं. आम्हाला फक्त तेच आपल्याकडच्या पेशंटवर बघायचं होतं.

आमच्या डेटात बीटा पट्टा (तोच १५ ते ३० हर्ट्झचा) सपाट, आणि ५० वर मात्र टोलेजंग पीक. गाइड सर खूश! म्हणे, हे गॅमा (३० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातलं) कपलिंग, मेंदू नुकसान भरून काढतोय. मी म्हटलं, सर, ही भिंतीतली वीज आहे, ती ५० हर्ट्झचीच असते. "तुझं वाचन कमी पडतं."

मग एका रविवारी मेसमधून दुधी भोपळा आणला. ईएमजीचे इलेक्ट्रोड जेल लावून भोपळ्यावर, ईईजीची टोपी माझ्या डोक्यावर. ट्यूबलाइट चालू, पंखा चालू, लॅपटॉप चार्जिंगला. आला की ५० वर पीक, पेशंटपेक्षाही उंच! म्हणजे माझ्या मेंदूचं त्या भोपळ्याशी गॅमा कपलिंग. सोमवारी सरांना आलेख दाखवला. ते एवढंच म्हणाले, "मेसच्या भाजीवर पेपर होत नाही." पेपर पेशंटवर झाला. माझं नाव त्यात तिसरं आहे आणि मी ते बायोडेटात लिहीत नाही.

बीटा का सापडला नाही, याचं खरं कारण टेबलासमोर बसलं होतं. एक आजोबा यायचे, डोक्याला चापून खोबरेल. टोपीखाली इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) उतरायलाच पाऊण तास जायचा. बोटांनी जोर लावून स्क्रीनवरची पट्टी हिरव्या रेषेवर तीन मिनिटं धरायची होती. ते दहा सेकंद धरायचे, मग बोटं थरथरायची आणि तो तुकडा बाद. एकदा म्हणाले, "बाई, तीन मिनिटं धरता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" या अख्ख्या विषयाची गोची त्या वाक्यात आहे. ज्याचा हात हलतच नाही, त्याचा ईएमजी अनेकदा नीट मिळतच नाही. मग कपलिंग मोजणार कशाचं?

तर ट्रेंड. एक, दिशा: सिग्नल मेंदूकडून खाली किती जातो आणि स्नायूकडून वर किती येतो, यासाठी ग्रेंजर, ट्रान्सफर एन्ट्रॉपी वगैरे दिशा काढणारी गणितं. यावर पेपरांचा पाऊस आहे आणि बरेचसे छोट्या डेटासेटवर नवी सूत्रं चालवतात. दोन, दोन स्नायूंमधला कोहेरन्स. यात टोपी लागत नाही म्हणून दवाखान्यात चालण्यासारखं हेच. तीन, मेंदूच्या सिग्नलवर हाताला विद्युत उत्तेजना. स्वित्झर्लंडच्या गटाने २०१८ मध्ये २७ जुन्या स्ट्रोक पेशंटवर दाखवलं की, मेंदूच्या इशाऱ्यावर उत्तेजना दिली तर फायदा जास्त होतो आणि टिकतो. अमेरिकेत इप्सीहँडला (मेंदूच्या सिग्नलवर हात उघडझाप करणारं यंत्र, यात विद्युत उत्तेजना नाही) २०२१ मध्ये मान्यताही मिळाली. पण नीट बघा, दोन्हींत ट्रिगर ईईजीचा आहे, कपलिंगचा नाही. कपलिंगवरच ट्रिगर देण्याचे प्रयोग चालू आहेत. माझ्या मते पीएच.डी. करायची तर तिथे करा.

बाकी, कोहेरन्सचा आकडा ०.०५ आला म्हणून हिरमुसू नका. रेकॉर्डचे १०० तुकडे घेतले तर ०.०३ च्या वरचं सगळं सार्थ (निव्वळ योगायोग नसलेलं) धरतात. आणि हो, ठणठणीत माणसांतही काहींना बीटा कोहेरन्स सापडत नाही. तेव्हा एकट्या पेशंटच्या आकड्यावर नातेवाइकांना काही सांगू नका. हे मी वर लिहायला हवं होतं.

गाइड पक्का करण्याआधी त्यांच्याकडे नॉच फिल्टर (५० हर्ट्झचा सिग्नल गाळणारा) लावण्यापूर्वीचा एक कच्चा रेकॉर्ड मागा. "कशाला?" म्हणाले तर दुसरी लॅब बघा. मी आता मशीनच्या कंपनीत आहे, तेव्हा माझ्या कडवटपणाला दोन-चार आणे वजा करून वाचा. भोपळ्याचा आलेख मात्र अजून माझ्याकडे आहे, हवा तर पाठवते.