ताई, ते पैसे हिशेबात धरू नका

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र माझ्या बहिणीने परवा पुढे पाठवलं. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, पुण्यात टेनिस खेळते. इथल्या एका विद्यापीठाच्या कोचने तिला टीममध्ये जागा आणि निम्मी शिष्यवृत्ती देऊ केली आहे. बोलता बोलता तो असंही म्हणाला की अमेरिकेतली कॉलेजं आता खेळाडूंना पैसे देतात. तर निम्मी शिष्यवृत्ती आणि वर हे पैसे धरले, तर कोथरूडचा फ्लॅट न विकता चार वर्षं निघतील का, असं तुम्ही विचारलंत. मी दोन ओळींत "नाही" एवढंच कळवणार होते. पण रात्री तीनला जाग आली आणि हे लिहायला बसले.

आय-२० म्हणजे कॉलेजचा प्रवेशाचा कागद, सेविस या सरकारी नोंदणीची फी, मुंबईतल्या वकिलातीतली मुलाखत, बारावीचे गुण तिकडे कसे धरतात, हे सगळं सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मी पैशांबद्दल लिहिते. त्यावरून आमच्या घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही नाशिकहून २०१२ साली आलो. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि लेक एच-४ वर, म्हणजे त्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर. ती तेव्हा आठ वर्षांची होती. टेनिस ती इथेच शिकली, ओहायोतल्या सार्वजनिक कोर्टांवर, हिवाळ्यात बर्फ झाडून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती एका सरकारी विद्यापीठाच्या टीममध्ये गेली, शिष्यवृत्तीशिवाय. अशा खेळाडूंना इथे वॉक-ऑन म्हणतात.

तेव्हाच इथलं जुनं जग मोडत होतं. कॉलेजचे खेळ चालवणारी देशव्यापी संघटना म्हणजे एनसीएए. खेळाडू हा आधी विद्यार्थी, त्याने पैसे घ्यायचे नाहीत, हे तिने अनेक दशकं धरून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि बाकीची राज्यं मागोमाग निघाली. २१ जून २०२१ ला ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी जोडलेल्या लाभांपुरता होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्रपणे लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. २८ जूनला आमच्या ओहायोच्या गव्हर्नरने आदेश काढला आणि १ जुलैपासून एनसीएएनेही वाट मोकळी केली. खेळाडूने स्वतःचं नाव, चेहरा, प्रतिमा वापरू देऊन पैसे घ्यायला आता हरकत नव्हती. त्याला सगळे एनआयएल म्हणतात. तुमच्या कोचच्या बोलण्याची सुरुवात ही.

लेकीच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या एका खेळाच्या दुकानाने टीममधल्या आठही मुलींना प्रत्येकी ५०० डॉलर देऊ केले. एक पोस्टर, आणि एका शनिवारी लहान मुलांना टेनिस शिकवायचं. कॉलेजच्या एका कार्यालयात तिला सांगितलं की सगळ्या खेळाडूंना परवानगी आहे. ती सही करून, फोटो काढून घरी आली. जेवताना सांगत होती. पहिली कमाई, आई, तुला काय आणू?

यजमानांनी दुसऱ्या दिवशी वकिलाला फोन केला. वकील म्हणाले, एच-४ वरच्या मुलांना एक डॉलरही कमावता येत नाही. कागद परत करा, लेखी. राज्याचा कायदा हो म्हणतो, एनसीएए हो म्हणते, कॉलेज हो म्हणतं, पण व्हिसाचा कायदा केंद्राचा आहे आणि त्याला या सगळ्यांचं सोयरसुतक नाही. मग ती म्हणाली, मी फुकट शिकवते त्या मुलांना, ते तरी चालेल ना? वकील म्हणाले, बाकीच्यांना ज्या कामाचे पैसे मिळतात ते तुम्ही फुकट केलंत तरी प्रश्न विचारला जाऊ शकतो.

पोस्टर तर छापून झालं होतं. त्यात आठ मुली आहेत आणि खाली सात नावं. ती रडली नाही, चिडली. कॉलेजकडे तक्रार करते म्हणाली, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात लिहिते म्हणाली. मी तिला म्हणाले, गप्प बस. आपलं ग्रीन कार्ड रांगेत आहे, तुझ्यामुळे बाबांचं काही अडकलं तर? ती गप्प बसली. तेव्हापासून ती माझ्याशी टेनिसबद्दल बोलत नाही. मी विचारते कोण जिंकलं, ती स्कोअर सांगते.

तुमची मुलगी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येईल. त्यावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, कॅम्पसबाहेर वेगळ्या मंजुरीशिवाय नाही. एनआयएल यात कुठे बसतं, हे कोणीही ठामपणे लिहून देत नाही. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा, २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरलेला. त्यालासुद्धा टीम बहामाजच्या दौऱ्यावर गेली तेव्हा, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, जाहिरातींची कामं उरकावी लागली. त्याच्यामागे वकील उभे होते. तुमच्या मुलीमागे तुम्ही असाल, पुण्यात, साडेनऊ तास पुढे. सुट्टीत पुण्यात येऊन एखाद्या भारतीय कंपनीचं काम तिथेच केलं तर गोष्ट वेगळी, पण तेही आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आणि एका वकिलाला विचारून. आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "परवानगी आहे" याचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

आता कोच म्हणाला ते कॉलेजने स्वतः पैसे देणं. ते खरं आहे. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी हाउस खटल्यातला, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यातला, समझोता मंजूर केला. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे कॉलेजांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देण्याची मोकळीक. पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आकडा मोठा वाटतो. पण ती कमाल मर्यादा आहे, तेवढे द्यायलाच हवेत असं नाही. मोठ्या कॉलेजांच्या भरपाईच्या वाटपाचं सूत्र पाहा: फुटबॉलला सुमारे ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, महिलांच्या बास्केटबॉलला ५, आणि उरलेल्या सगळ्या खेळांत मिळून ५. पुढचा वाटाही बऱ्याच ठिकाणी याच अंदाजाने देतात. टेनिस त्या शेवटच्या पाचात, पोहणं, धावणं, गोल्फ सगळ्यांबरोबर. १९७२ च्या टायटल नाइन या समानतेच्या कायद्याचा आधार घेऊन काही महिला खेळाडूंनी या वाटपाविरुद्ध अपील केलं. मला ते अगदी मनापासून पटलं.

ज्या ग्रँट हाउसच्या नावाने हा खटला ओळखला जातो तो अॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू. आणि २०२५ च्या मार्चमध्ये कॅल पॉली विद्यापीठाने पोहण्याची टीमच बंद केली, येणाऱ्या समझोत्याच्या खर्चाचं कारण देऊन. म्हणून कोचला पहिला प्रश्न हा विचारा, की तुमचं कॉलेज या समझोत्यात सामील आहे का, आणि मुलींची टेनिस टीम चार वर्षं राहील असं कोण लिहून देईल.

तुमची ऑफर निम्मी का, हेही त्यातच आहे. मुलींच्या टेनिसला पूर्वी एका टीममागे आठ शिष्यवृत्त्या असत आणि दिली तर पूर्ण द्यावी लागे. सामील झालेल्या कॉलेजांत आता ही मर्यादा गेली. टीम दहा जणींची, आणि दहाही जणींना पूर्ण देता येते किंवा तुकडे करून वाटता येते. म्हणजे निम्मी दिली यात नियमाची अडचण नाही, कॉलेजची तयारी तेवढीच आहे. बोलून वाढवून घेता येते. ती दरवर्षी नव्याने ठरते की चार वर्षांची आहे, खांदा दुखावला तर काय, तेही विचारा.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. शिष्यवृत्तीत राहण्या-जेवणाचे पैसे असतील तर एफ-१ विद्यार्थ्याला त्या भागावर कर लागतो, आणि कॉलेज १४ टक्के आधीच कापतं. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे विवरणपत्र भरून बरेच पैसे परत येऊ शकतात. फॉर्म १०४०-एनआर. पहिल्याच वर्षी भरा.

बक्षिसांच्या पावत्याही आजपासून एका फाइलीत ठेवा. कॉलेजला येण्याआधी टेनिसपटूने वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत बक्षीस घ्यावं, त्यावर फक्त खर्चाएवढं, असा एनसीएएचा नियम होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची टेनिसपटू रीस ब्रांटमायर हिला त्यापायी २०२१ च्या यूएस ओपनमधली बरीच रक्कम सोडावी लागली आणि तिने २०२४ मध्ये दावा लावला. तुमची मुलगी यायच्या वेळी काय लागू आहे ते लेखी विचारा.

हे नियम नक्की ठरवतं कोण, असं तुम्ही विचारलंत. त्यावरच तर भांडण चालू आहे. एनसीएए आहे. मोठ्या कॉन्फरन्सेसनी, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांनी, उभा केलेला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन आहे, जो ६०० डॉलर आणि वरचे बाहेरचे करार तपासतो. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि टेनेसीसारखी राज्यं एनसीएएला कोर्टात खेचतात. राष्ट्राध्यक्षांनी २०२५ च्या जुलैमध्ये कॉलेजच्या खेळांबद्दल आदेश काढला. काँग्रेसपुढे, म्हणजे इथल्या संसदेपुढे, स्कोर अॅक्ट हा प्रस्तावित कायदा आला. तो झाला तर राज्यांचे कायदे बाजूला पडतील, एनसीएएला खटल्यांपासून संरक्षण मिळेल आणि खेळाडू नोकर नाहीत असं पक्कं होईल. डिसेंबर २०२५ मध्ये तो प्रतिनिधिगृहात मतदानाला यायचा होता, आयत्या वेळी मागे घेतला. खेळाडू नोकर ठरू शकतात असं एका अपील कोर्टाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. त्याच वर्षी डार्टमथ कॉलेजच्या पुरुषांच्या बास्केटबॉल टीमने १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला आणि वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला.

मला त्या मुलांचं म्हणणं न्याय्य वाटतं. पहाटे पाचला जिममध्ये, दुपारी कोर्टवर, शनिवार-रविवार बसमध्ये, याला काम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पण खेळाडू उद्या नोकर ठरले तर आपल्या मुलींच्या २० तासांचं काय? सरावच तेवढा होतो. एवढ्या सुनावण्या मी ऐकल्या, रात्र रात्र, भांडी आवरून. व्हिसावरच्या मुलांचं नाव कधीतरी निघतं आणि विषय पुढे सरकतो.

एकटेपणाबद्दल विचारलंत. येतो. पहिल्या नोव्हेंबरमध्ये येतो, चारलाच कोपऱ्यात अंधार बसतो तेव्हा. सवय होते. टीम असली की लवकर होते.

लेक २१ वर्षांची झाली २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, शेवटच्या वर्षाला. एच-४ संपतो म्हणून आधीच एफ-१ साठी अर्ज केला होता. एका कार्यालयातून पत्र आलं: शिक्षण संपल्यावर ही विद्यार्थिनी भारतात परत जाईल याचे पुरावे द्या. आठव्या वर्षी नाशिक सोडलेली मुलगी. आम्ही गंगापूर रोडच्या घराचा उतारा पाठवला, माझ्या सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र पाठवलं, नोटरीचा शिक्का बरोबर नाही म्हणून पुन्हा पाठवलं. सासूबाई ८१ वर्षांच्या, दोनदा रिक्षा करून नोटरीकडे गेल्या. मंजुरी फेब्रुवारीत आली. तोवर ती प्रत्येक मॅचला जाताना पाकिटात त्या अर्जाची पावती ठेवायची.

त्याच हिवाळ्यात हाउस खटल्याच्या भरपाईचा दावा करण्याचं पत्रही आलं. मुदत ३१ जानेवारी २०२५. वकील म्हणाले, ही भरपाई आहे, कमाई नाही, विचार करता येईल. मी फॉर्म उघडून ठेवला, तिचं नाव भरलं. तिने लॅपटॉप बंद केला. "तेव्हा गप्प बस म्हणालीस ना?" एवढंच म्हणाली. मुदत गेली. टेनिसच्या वॉक-ऑनला त्यात फार काही मिळालं नसतं, हे मला माहीत आहे. तरी ३१ तारखेला रात्री बारापर्यंत मी ते पान उघडं ठेवलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फ्लॅट विकायचा की नाही हे निम्म्या शिष्यवृत्तीवर ठरवा, एनआयएल आणि उत्पन्नाचा वाटा शून्य धरून. तेवढ्यात बसत नसेल तर आणखी एक वर्ष थांबा, दुसऱ्या कोचशी बोला, किंवा कॉलेजचं टेनिस सोडून नुसत्या शिक्षणाचा विचार करा. आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ ची एनसीएए एकेरी जिंकला तेव्हा यातला एकही पैसा नव्हता. तरी तो आला, खेळला, पुढे गेला. तुमच्या मुलीला खेळायला यायचं असेल तर जरूर पाठवा. मी विमानतळावर जाईन आणायला, दोन राज्यं ओलांडून.

कोचचं पत्र आलं की मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून देते. रविवारी सकाळी माझे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तुमचे संध्याकाळचे सहा, तेव्हा फोन करा. आणि मुलीला फोनवर घ्या. माझ्या लेकीच्या वेळी वकिलाशी, कॉलेजशी, दुकानाशी सगळं मी आणि यजमानांनीच बोलून घेतलं. ती शेजारच्या खोलीत होती.