सामन्यांच्या दिवसांतील सराव

प्रश्न : स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की माझी बेसबॉलमधील प्रगती थांबते. सामने चालू असताना खेळ सुधारता येतो का?

उत्तर : निश्चितच येतो. मात्र या काळात फटक्याची संपूर्ण ढब बदलू नये, कारण ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाजवळच्या तळावर, पोहोचतो आणि तेवढ्या अवधीत हातापायांच्या ठेवणीचा विचार करत बसणारा फलंदाज हमखास चुकतो. एकच उणीव निवडून टीवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेले २०-२५ चेंडू रोज लक्षपूर्वक मारावेत. प्रत्येक सामन्यानंतर कोणता चेंडू सोडायला हवा होता, हे वहीत नोंदवावे. माझ्या मते ही वहीच सर्वांत मोलाची. वजनांचा व्यायाम कमी करावा, पण बंद करू नये. पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) असाल आणि खांदा दुखत असेल, तर चेंडूफेक तत्काळ थांबवावी.