ज्यूरीला दिल्या जाणाऱ्या सूचना आणि स्वसंरक्षण

प्रश्न : अमेरिकेतील खुनाच्या खटल्यांची वर्णने वाचताना असे दिसते की, साक्षीपुरावा संपल्यावर ज्यूरीला बाहेर पाठवून दोन्ही बाजूंचे वकील न्यायाधीशांसमोर सूचनांच्या शब्दांवरून तासन्‌तास वाद घालतात. स्वसंरक्षणाचा कायदा ठरलेला असताना हा वाद नेमका कशाचा असतो, आणि त्याने निकालात खरोखर फरक पडतो का?

उत्तर : कायदा ठरलेला असतो हे खरे, पण ज्यूरीतील नागरिक कायद्याचे पुस्तक उघडत नाहीत, न्यायाधीश जो मजकूर वाचून दाखवतात तोच त्यांच्यापुरता कायदा. नमुना-सूचना बहुतेक राज्यांत तयार असतात. त्यांतील कोणती या खटल्यात द्यायची आणि कोणती गाळायची, हे पुरावा पाहून ठरवावे लागते, आणि वाद होतो तो तिथे.

चिथावणीची सूचना यात विशेष वादग्रस्त ठरते. आरोपीनेच आधी कुरापत काढली असेल, तर स्वसंरक्षणाचा त्याचा हक्क मर्यादित होतो, असे ती सांगते. फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या मुलाचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याच्या मागोमाग गेलेल्या आणि गोळी झाडणाऱ्या जॉर्ज झिमरमनवरील खटल्यात सरकारी पक्षाने ही सूचना मागितली. एखाद्याच्या मागोमाग जाणे बेकायदा नाही, म्हणून त्याला चिथावणी म्हणता येणार नाही, असा बचाव पक्षाचा आक्षेप होता, आणि न्यायाधीश डेब्रा नेल्सन यांनी सूचना नाकारली. विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे २०२० मध्ये निदर्शनांच्या वेळी दोघांना गोळ्या घालून ठार करणाऱ्या काइल रिटनहाउसच्या खटल्यात मात्र न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी चिथावणीचा मुद्दा ज्यूरीपुढे जाऊ दिला. निकाल दोन्हीकडे एकच लागला : २०१३ मध्ये झिमरमन आणि २०२१ मध्ये रिटनहाउस, दोघेही निर्दोष सुटले. तेव्हा एका सूचनेवर सारा खटला फिरतो असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही झटापटीची सुरुवात कोणी केली हाच जिथे वादाचा विषय आहे, तिथे त्याविषयीचा कायदा ज्यूरीला सांगितलाच जाऊ नये, हे मला पटत नाही.

शब्दांनी काय बिघडू शकते, हे वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वॉनरो खटल्यात दाखवून दिले. आरोपी स्त्री पाच फूट चार इंच उंचीची होती, तिच्या पायाला प्लास्टर होते आणि ती कुबडीच्या आधाराने चालत होती. मारला गेलेला पुरुष सहा फूट दोन इंच उंचीचा आणि दारूच्या नशेत होता. ज्यूरीला सांगण्यात आले होते की, हत्येच्या वेळची किंवा तिच्या अगदी आधीची परिस्थिती तेवढी पाहावी. त्या माणसाविषयी तिने पूर्वी जे ऐकले होते आणि ज्यामुळे तिला भीती वाटली, ते सर्व या एका वाक्यामुळे विचाराबाहेर राहत होते. शिवाय, नुसत्या हातांनी चालून येणाऱ्यावर प्राणघातक शस्त्र वापरण्याचा हक्क नाही, असे सांगणाऱ्या सूचनेत सर्वनामे सगळी पुल्लिंगी होती. म्हणजे बरोबरीच्या ताकदीचे दोन पुरुष भांडत आहेत, असे चित्र ज्यूरीपुढे उभे राहत होते. शिक्षा रद्द ठरण्याच्या कारणांत ही सदोष सूचना होती. ‘वाजवी भीती’ मोजायची ती ‘त्या परिस्थितीतील’ समंजस व्यक्तीच्या नजरेने, हे साधारणपणे मान्य आहे. खरी ओढाताण त्या ‘परिस्थिती’त काय काय धरायचे यावरच होते.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. सूचना चुकीची असल्याचा आक्षेप नोंदवलेला असेल, तर दोषी ठरलेला आरोपी अपील करू शकतो. ज्यूरीने निर्दोष ठरवल्यावर मात्र सरकारी पक्षाला त्या निकालाविरुद्ध दाद मागता येत नाही, कारण एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवण्यास राज्यघटनेची मनाई आहे. त्यामुळे त्या खटल्यापुरती सूचनांच्या चर्चेची वेळ ही सरकारी वकिलांची बहुधा शेवटची संधी असते, आणि ते इतके हट्टाला का पेटतात याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

प्रश्न : आपण स्वसंरक्षणासाठीच वार केला, हे आरोपीला सिद्ध करावे लागते का?

उत्तर : आता नाही. त्याच्या बाजूने काही पुरावा समोर आला की, ते स्वसंरक्षण नव्हते हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. ओहायोमध्ये हा भार दीर्घकाळ आरोपीवर होता आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य नसल्याचे ठरवले होते. पुढे २०१९ मध्ये त्या राज्याने स्वतःच कायदा बदलला. ‘आरोपीने ज्यूरीची खात्री पटवली पाहिजे’ अशा अर्थाचे एखादे वाक्य मसुद्यात राहून गेले, तरी हा भार नकळत उलटा फिरतो. म्हणूनच बचाव पक्षाचे वकील सूचनांचा मसुदा ओळीओळीने तपासतात.